ठेक्याचे वळण आणि कवितेची लय

ना. धों. महानोर यांच्या कवितेचा विचार करताना ‘रानातल्या कविता’ (१९६७) ही कविता आणि ‘जैत रे जैत’ (१९७७) ही गाणी, अशी विभागणी सहजपणे केली जाते. पहिलीला वाङ्मयीन प्रतिष्ठा, दुसरीला लोकप्रियता. नाचता येईल असा ठेका आला की आशय पातळ होतो, हे न तपासलेले गृहीतक या विभागणीमागे आहे.

ते केवळ मराठी नव्हे. कार्लोस सान्ताना यांचा लॅटिन रॉक वाद्यवृंद ‘कॅराव्हॅनसराय’पासून (१९७२) जॅझच्या अंगाने गेला, ‘अमिगोस’मध्ये (१९७६) फंकच्या ठेक्याकडे वळला आणि ‘इनर सीक्रेट्स’मध्ये (१९७८) डिस्कोपर्यंत पोहोचला. या प्रवासाला सरसकट घसरण म्हणणे सोपे असले, तरी या शेवटच्या दोन तबकड्या एका मापाने मोजता येत नाहीत. ‘अमिगोस’च्या पहिल्याच रचनेत फंकची बास गिटार पुढे येते, पण आर्मांदो पेरासा यांच्या कोंगाचे छेद देणारे बोल तिच्याखाली दबत नाहीत. ‘इनर सीक्रेट्स’मधील नृत्यगीतांत मात्र समान अंतराने पडणारा ठोका इतर वाद्यांना बोलूच देत नाही. तेव्हा प्रश्न ठेका आला की नाही हा नसून, त्याच्याखाली इतर लयी कितपत जिवंत राहिल्या, हा आहे.

‘जैत रे जैत’ला हीच कसोटी लावावी. गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरील या जब्बार पटेल दिग्दर्शित चित्रपटाचा नायक नाग्या हा ढोल वाजवणारा ठाकर आहे. त्यामुळे ढोल ही पार्श्वसंगीताची सोय राहत नाही, ती कथेतलीच वस्तू ठरते. अडचण भाषेची आहे. महानोरांची भाषा सोयगाव तालुक्यातली, पळसखेडे-फर्दापूरकडच्या कोरडवाहू शेतीची, अजिंठ्याच्या डोंगराखालची. ठाकरांचा मुलूख सह्याद्रीच्या पलीकडचा, कर्नाळ्याच्या बाजूचा. एकीकडे पावसाची वाट पाहावी लागते, दुसरीकडे तो कोसळतो. वाट पाहणाऱ्याची कविता कोसळत्या पावसाच्या मुलखात नेऊन उभी करायची, हे काम हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींनी केले.

ते सर्वत्र सारखे साधलेले नाही. काही समूहगीतांत ठेका पुढे धावतो आणि शब्द त्याची हमाली करतात. ठाकर हे ठाकर आहेत हे इतक्या वेळा सांगितले जाते की त्यांचे असणे पुसट होऊन नाव तेवढे उरते. (चित्रपटातील आदिवासींना हे दुर्दैव नवे नाही.) आशा भोसले यांच्या एकलगीतांत उलट घडते. नाम आणि विशेषण एकमेकांत मिसळून शब्द जोडण्याची महानोरांची खोड कागदावर डोळ्याला थबकवते. गाण्यात तोच जोडशब्द एका श्वासात येतो आणि त्याची ऐंद्रियता वाढते. येथे चालीने कवितेला सजवलेले नाही. कवितेत आधीपासून असलेली, ओवीच्या आणि शेतातल्या गाण्याच्या जवळची लय तिने ऐकू आणली आहे. ‘रानातल्या कविता’तही ती होतीच.

पुढे ‘अजिंठा’ (१९८४) या दीर्घकवितेत रॉबर्ट गिल आणि पारो यांची कथा सांगताना महानोर आपल्याच परिसरात परतले. तिथे निवेदन पुन्हा पुन्हा गाण्याकडे झुकते. कविता आणि गाणी अशा दोन फडताळांची व्यवस्था मानणाऱ्यांनी ही संहिता कोणत्या फडताळात ठेवायची, ते अद्याप सांगायचे आहे.