मागण्याआधीचे नमन

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’विषयी बोलू लागले की आपण बहुधा त्यातील मराठी भाषेच्या स्तुतीपाशीच थांबतो. 1616 साली गोव्यात राशोल येथे छापलेल्या, सुमारे 11 हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे ते रास्त भूषण आहे. परंतु ज्या पहिल्या अवस्वरात ही स्तुती येते, त्याचा आरंभ नमनाने होतो. त्या नमनाकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे आम्हांस वाटते.

ग्रंथारंभी नमन करणे ही मराठी संतकवींची जुनी रीत. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या व 1579 साली गोव्यात आलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूने ती स्वीकारली. पण त्याने केवळ साचा उचलला काय? आमच्या मते, नाही. कवी प्रथम देवाचे थोरपण गातो आणि मगच आपल्या कार्यासाठी कृपा मागतो. हा क्रम प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेचाच आहे. तिच्यातील सात मागण्यांपैकी पहिल्या तीन पित्याचे नाव, राज्य व इच्छा यांविषयी आहेत. रोजची भाकर त्यानंतर येते.

ग्रंथात उणीव नाही असे नव्हे. पुढे अनेक ठिकाणी श्रोत्यांच्या शंकांना उत्तरे देणारा गुरू पुढे होतो आणि प्रार्थना करणारा कवी मागे पडतो. तेथे ओवी शिकविते, पण हात जोडावयास लावीत नाही.

हाच दोष आम्हा धर्मगुरूंतही आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका मातेचा तरुण मुलगा आजारात गेला. ‘‘फादर, नोव्हेना केली, माळ एक दिवस चुकविली नाही. मागितले ते मिळाले नाही. आता प्रार्थना कशाला करू?’’ असे तिने विचारले. आम्ही निरुत्तर झालो. आम्ही तिला मागावयास शिकविले होते. नमन शिकविले नव्हते.

गेथशेमनी बागेत प्रभूनेही मागितले. दुःखाचा प्याला टळला नाही. परंतु ‘बापा’ ही हाक सुटली नाही. मागणे फळले नाही तरी जे उरते, ते नमन. स्टीफन्स यांनी ते ग्रंथाच्या उंबरठ्यावर ठेविले आहे. आज सायंकाळी घरी माळेस बसताना आपले हेतू सांगण्याआधी आपण क्षणभर त्या उंबरठ्यावर थांबू या.