राखणीला बसवलेले पोर : मराठी चित्रपटांतील सांभाळणारी माणसे

मानसिक आजाराविषयी बोलताना मराठीने अलीकडच्या काळात जे शब्द घडवले, त्यांत 'शुभार्थी' आणि 'शुभंकर' ही जोडी महत्त्वाची आहे. पुण्या-ठाण्याच्या स्वमदत गटांनी ती रूढ केली. 'रुग्ण' म्हटले की माणूस आजारापुरता उरतो आणि 'नातेवाईक' म्हटले की तो रुग्णालयाच्या बाकावर वाट पाहत बसलेला दिसतो. 'शुभार्थी' म्हणजे स्वतःचे भले इच्छिणारा आणि 'शुभंकर' म्हणजे त्या भल्यासाठी झटणारा. दोघांनाही या शब्दांनी प्रतिष्ठा दिली. त्यांच्या मागे मोठे काम उभे आहे. पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू झाले, १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात मानसिक आरोग्याची संस्था उभी केली आणि प्रा. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात स्किझोफ्रेनियाविषयी जनजागृती करणारी संघटना निघाली.

परभणीहून पूर्णेकडे निघालेल्या गाडीला पहिले स्टेशन लागते ते पिंगळीचे. पिंगळीच्या शिवारात 'शुभंकर' हा शब्द ऐकू येणार नाही. तिथे 'सांभाळणे' आहे, 'ध्यान ठेवणे' आहे, 'एकटे सोडू नको' आहे. आणि शेतीतून आलेला एक शब्द आहे, 'राखण'. ज्वारी हुरड्यात आली की पाखरे राखायला माणूस लागतो. मोठी माणसे कामात असतात, म्हणून हे काम बहुधा पोराकडे येते. पोर माळ्यावर बसते, गोफण फिरवते, हाळी देते.

शुभंकर आणि राखणदार या दोन शब्दांमध्ये किती अंतर आहे, हे तपासण्यासाठी इथे तीन मराठी चित्रपट एकत्र वाचले आहेत : 'देवराई' (२००४), 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) आणि २०१६ साठीचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळवणारा 'कासव'. तिन्हींमध्ये खचलेला किंवा खचेल अशी भीती वाटणारा एक पुरुष आहे आणि त्याच्याभोवती सांभाळणारी माणसे आहेत. समीक्षेचे लक्ष बहुधा पहिल्याकडे जाते. येथे ते दुसऱ्यांकडे वळवायचे आहे.

सीना आणि जानकी

'देवराई' आणि 'कासव' हे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या जोडीचे चित्रपट. भावे मूळच्या समाजकार्याच्या क्षेत्रातल्या. पुण्याच्या कर्वे समाज सेवा संस्थेत त्यांनी अध्यापन केले होते. 'देवराई'च्या मागे वाणी यांची प्रेरणा होती आणि त्यांनी हा आजार स्वतःच्या कुटुंबात पाहिलेला होता. त्यामुळे या चित्रपटात आजाराचे गूढ केलेले नाही. अतुल कुलकर्णी यांचा शेष भ्रमांत अडकतो, त्याच्यावर उपचार होतात, औषधे चालू राहतात. त्याची बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) त्याला कोकणातल्या गावाहून शहरातल्या आपल्या घरी आणते आणि ते घर हळूहळू या आजाराभोवती फिरू लागते. सीनाला संसार आहे आणि भाऊही आहे. दोन्ही टोके धरताना तिची होणारी ओढाताण दाखवणे हे 'देवराई'चे मोठे यश. शुभंकरही थकतो, हे मराठी पडद्याने इतक्या स्पष्टपणे क्वचितच सांगितले होते.

'कासव'मधली जानकी (इरावती हर्षे) याच्या पुढचे पाऊल टाकते. आलोक राजवाडे यांनी साकारलेला तरुण तिचा कुणीच नाही. जगणे नको झालेल्या त्या मुलाला ती समुद्राकाठच्या घरी नेते आणि मुख्य म्हणजे त्याची उलटतपासणी करत नाही. ती स्वतः नैराश्यातून गेलेली असल्याने तिला ठाऊक आहे की 'तुला काय कमी आहे?' हा प्रश्न मदतीचा नसतो. ती जवळ राहते, पण अंगावर येत नाही. संकटातल्या तरुणाशी कसे वागावे याचा मराठीतला हा उत्तम दृश्यपाठ म्हणता येईल.

तो कोणत्या आधारावर उभा आहे, हेही पाहायला हवे. जानकीकडे घर आहे, गाडी आहे, घरातले काम करणारी माणसे आहेत. तिच्या दिवसाला मजुरीचा हिशेब नाही. शिवाय तिचे त्या मुलाशी नाते नाही, म्हणून त्याच्यावर तिची कसली मागणीही नाही. वेळ, अंतर आणि समज या तीन गोष्टी तिच्याकडे एकत्र आल्या आहेत. चित्रपट त्या लपवत नाही, पण त्यांची किंमतही मोजत नाही. 'कासव' पाहून बाहेर पडणाऱ्याला वाटते की पुरेशी माया असली तर हे जमेल. ज्वारी-कापसाच्या गावातली एखादी आई हा चित्रपट पाहील तेव्हा माया तिच्याकडेही असेल. नसेल ती दुसऱ्या दिवशीची सुटी.

दिनूचे काम

सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' नेमका इथे उपयोगी पडतो. यवतमाळकडचा कापूस, रुसलेला पाऊस, दुबार पेरणीचे संकट. शेजारचा एक शेतकरी आत्महत्या करतो आणि किस्नाच्या (गिरीश कुलकर्णी) बायकोच्या, अलकाच्या (सोनाली कुलकर्णी), मनात भीती शिरते : आपलाही माणूस असेच काही करील. ती त्याला खूश ठेवायची धडपड करते आणि त्याच्यावर पाळत बसवते. सासू (ज्योती सुभाष) आणि लहानगा मुलगा दिनू यांच्यात हे काम वाटले जाते. बाप जाईल तिथे पोराने मागे राहायचे.

चित्रपटाचा काळा विनोद बराचसा या पाळतीतून निर्माण होतो. किस्नाचा जीव पेरणीत, पावसात आणि पैशाच्या जुळवाजुळवीत अडकलेला. घरच्यांचा जीव किस्नात. आपण हसतो आणि हसताना घशात काही अडकते. मनवर यांनी या कुटुंबाची थट्टा केलेली नाही. जवळ दुसरे साधनच नसलेल्या घराने केलेला हा उपाय आहे, हे ते नीट जाणून आहेत. पण या चित्रपटाविषयी बोलताना आपण सहसा कर्ज, पाऊस, सरकार आणि अलकाची घालमेल यांवर बोलतो. दिनूला आपण विनोदाचा भाग मानून पुढे जातो. माझ्या मते या चित्रपटातले सर्वांत गंभीर काम त्याच्याकडे आहे.

खेड्यातली मुले कामे करतातच, पाखरे राखतात, गुरे वळतात, मग बापासोबत राहायला सांगितले तर काय बिघडले, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे. जवळ आपले मूल असणे हा खचलेल्या माणसाला आधारही असतो. फरक कामाच्या स्वरूपात आहे. पाखरे राखणाऱ्या पोराला ठाऊक असते की शत्रू कोण, तो दिसला की काय करायचे आणि दिवस मावळला की सुटी. बापाला राखणाऱ्या पोराला यातले काहीही सांगितलेले नसते. काय पाहायचे, हे मोठ्यांनी भीतीपोटी शब्दांत मांडलेले नाही. दिसले तर काय करायचे, याचे उत्तर मोठ्यांकडेही नाही. या कामाला संध्याकाळही नाही. आणि राखण चुकली तर? ज्वारीचे कणीस गेले तर दोन शिव्या मिळतात. इथे जे जाईल त्याचा दोष ते पोर आयुष्यभर स्वतःकडे घेईल, कारण काम त्याला दिलेले होते.

सीनाचा थकवा आपल्याला दिसला, जानकीचा संयम दिसला, कारण दोघी बोलतात. दिनूकडे भाषा नाही. तो शुभंकर आहे, हे त्यालाही माहीत नाही.

कायदा, कार्यक्रम आणि घर

पडद्याबाहेरच्या व्यवस्थेने तरी या पोराला पाहिले का? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात काळजी घेणाऱ्याची व्याख्या आहे : आजारी व्यक्तीसोबत राहणारा आणि तिच्या काळजीची जबाबदारी असलेला, मग तो नातेवाईक असो वा दुसरा कुणी, मोबदला घेणारा असो वा न घेणारा. व्याख्या उदार आहे. पण वाचताना डोळ्यांपुढे येतो तो सज्ञान, सही करू शकणारा माणूस.

शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ मध्ये महाराष्ट्राने मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. परभणी त्यात आहे. आशा कार्यकर्तीने घरोघरी जायचे, ठरावीक प्रश्न विचारायचे आणि ज्याच्याबद्दल काळजी वाटते त्याला जिल्हा रुग्णालयातल्या उपचारापर्यंत पोचवायचे, अशी कल्पना. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. मराठवाडा त्या यादीत नाही. अशा प्रदेशात गावातलीच बाई दारात येऊन झोप लागते का, जेवण जाते का, असे विचारते, ही साधी बाब नव्हे. तरीही समीक्षकाच्या नजरेने ती प्रश्नावली वाचली तर तिचा रोख एकाच माणसाकडे आहे. उंबऱ्यावर उभ्या राहून हे ऐकणाऱ्या मुलासाठी तिच्यात प्रश्न नाही.

२०१४ मध्ये देशात राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. तो १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी आहे आणि मानसिक आरोग्य हा त्याचा एक विषय आहे. दिनू त्या वयातही बसत नाही. जे बसतात, त्यांच्याकडेही अडचणीत असलेले किशोर म्हणून पाहिले जाते. घरातल्या दुसऱ्याची अडचण वाहणारे म्हणून नाही. त्याच वर्षी इंग्लंडने कायदा करून घरात कुणाची तरी काळजी घेणाऱ्या १८ वर्षांखालील मुलांची स्वतंत्र दखल घेतली आणि त्या मुलाची गरज काय आहे याची पाहणी करणे स्थानिक प्रशासनावर बंधनकारक केले. तिथली व्यवस्था इथे जशीच्या तशी आणता येणार नाही. पण 'या मुलाची गरज काय?' हा प्रश्न विचारायला मोठा निधी लागत नाही. आशाताईच्या वहीत एक ओळ वाढवावी लागेल.

राखणीचा भार पोराच्या खांद्यावरून उतरवण्याचे इतर मार्गही आहेत. श्रीलंकेने १९९० च्या दशकापासून अत्यंत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले. म्हणजे जी पाळत घरातल्या लेकराने ठेवायची, तिचा एक भाग कायद्याने उचलला. घरातले फवारणीचे औषध कुलपात ठेवणे, त्याची किल्ली मोठ्या माणसाकडे असणे, १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक भिंतीवर लिहिलेला असणे, भावकीतल्या एखाद्या जाणत्याने 'आजची रात्र मी थांबतो' म्हणणे, हे सगळे याच प्रकारातले आहे. आणि पोराला त्याच्या वयाच्या शब्दांत सांगणे : बाबांना बरे नाही, डॉक्टर बघतायत, काही वेगळे वाटले तर मला हाक मार, आणि यात तुझी चूक काही नाही.

पुढची पटकथा

'कासव'मध्येही एक राखण आहे. कोकणच्या किनाऱ्यावर कासवाची अंडी जाळीच्या कुंपणात सुरक्षित ठेवतात आणि पिले बाहेर आली की समुद्राकडे सोडतात. ते काम माणसे मिळून, पद्धत ठरवून करतात. एकावर सगळा भार नसतो. चित्रपटाने त्यातून मायेचे रूपक घेतले. मला त्यातली व्यवस्था अधिक मोलाची वाटते.

कलाकृतीने सामाजिक योजनेचे काम करावे, अशी ही मागणी नाही. पण शेष आणि सीना यांनी मराठी प्रेक्षकाला आजाराचे नाव उच्चारायला शिकवले, जानकीने गप्प बसून सोबत करणे शिकवले, हे आपण मान्य करतो. तर मग दिनूच्या बाजूने सांगितलेली गोष्टही आपल्याला काही शिकवील. तो सोळा-सतरा वर्षांचा होईल तेव्हा काय आठवेल त्याला? बापाच्या पाठीकडे बघत चाललेली वाट? शाळेत बसूनही शेताकडे लागलेले मन? ही गोष्ट समुद्राकाठी घडणार नाही. ती सोयाबीन आणि तुरीच्या शिवारात, परभणीच्या रुग्णालयाबाहेरच्या रांगेत, पिंगळीच्या फलाटावर घडेल. 'आलोक' या कथासंग्रहासाठी २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे आसाराम लोमटे याच जिल्ह्यातले. गावाला आतून ओळखणारी लेखणी इथे आहे, म्हणून ही अपेक्षा हवेतली नाही.

ती गोष्ट लिहिली जाईल तेव्हा 'शुभंकर' या शब्दाचीही परीक्षा होईल. तो सुंदर आहे, पण त्यात सुटीचा अर्थ नाही. राखणीत तो होता. दिवस मावळला की कुणीतरी शिवारातून हाक मारायचे, 'ये रे आता खाली', आणि पोर माळ्यावरून उतरायचे.