तोपशेचे मौन

बालकादंबरीवर चित्रपट निघाला की मूळ पात्रे बिघडवल्याची तक्रार ठरलेली असते. पण कादंबरीकार आणि दिग्दर्शक एकच असेल, तर ही तक्रार कोणाविरुद्ध करावयाची? सत्यजित राय यांनी ‘सोनार केल्ला’ ही बंगाली कादंबरी १९७१मध्ये लिहिली आणि १९७४मध्ये स्वतःच ती पडद्यावर आणली.

कादंबरीचा निवेदक तोपशे हा किशोरवयीन मुलगा आहे. त्याला दिसते तेवढेच वाचकाला कळते. पूर्वजन्म आठवणाऱ्या मुकुलला राजस्थानात हिंडवणारे डॉक्टर हाजरा तोतया आहेत, हे रहस्य त्यामुळेच अखेरपर्यंत टिकते. चित्रपट मात्र ते लवकरच उघड करतो. खऱ्या डॉक्टरांचा कडेलोट आपण डोळ्यांनी पाहतो. रायांच्या या एका निर्णयाने सारी पात्रे जागची हलली आहेत. पुस्तकातला फेलूदा वाचकाच्या नेहमी पुढे असतो. पडद्यावर प्रेक्षकच त्याच्या पुढे गेलेला असतो. साहजिकच फेलूदाच्या बुद्धीविषयीच्या कुतूहलात त्याच्या जिवाची काळजी मिसळते, आणि सौमित्र चट्टोपाध्याय यांचा फेलूदा अधिक माणसासारखा वाटतो. खलनायकांना लपण्याचे कारण न उरल्याने कामू मुखर्जींचा मंदार बोस मनसोक्त विनोदी होऊ शकला. मुकुलचा लाभ सर्वांत मोठा. कादंबरीत तो बहुतांशी इतरांच्या शोधाचा विषय आहे. चित्रपटात त्याचे एकाकीपण आपण त्याच्या शेजारी बसून पाहतो.

या लाभाची किंमत तोपशेने मोजली. निवेदकाची जागा कॅमेऱ्याने घेतल्यावर त्याच्यापाशी उरते ती केवळ सोबत. मोठ्या भावाकडे भारावून पाहणारी ती किशोरदृष्टी हेच या कथांचे बालसाहित्य म्हणून खरे मर्म होते, असे मला वाटते. तिची भरपाई मुकुलमुळे पुरती होत नाही. (आपल्याकडे भा. रा. भागवतांचा शाळकरी फास्टर फेणे २०१७च्या चित्रपटात थेट तरुण झाला. तो बदल ठळक असल्याने त्याची चर्चा सोपी. तोपशेचे वय फारसे बदलले नाही, म्हणूनच त्याचे हरवणे सहसा लक्षात येत नाही.)

जटायूंची गोष्ट उलटी आहे. संतोष दत्त यांनी ही भूमिका केल्यानंतर रायांनी पुढील कथांच्या रेखाचित्रांत जटायूंना दत्तांचाच चेहरा दिला. तोपशे पुन्हा निवेदन करू लागतो तेव्हा त्याच्या शेजारी बसलेले लालमोहन गांगुली पडद्यावरून पुस्तकात परतलेले असतात.