दुर्बल स्नायू आणि शरीरस्थितीची संवेदना : एका उपचारपद्धतीची मीमांसा

अत्यंत दुर्बल स्नायूला व्यायाम कसा द्यावयाचा, हा भौतिकोपचारातील जुना पेच आहे. जो आपल्या अवयवाचा भारही पेलू शकत नाही, त्याला एकट्यानेच हालचाल करावयास लावणे म्हणजे त्याच्या असमर्थतेची वारंवार परीक्षा घेणे होय. हर्मन कॅबट यांनी १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेत या पेचातून वेगळा मार्ग काढला. मार्गारेट नॉट व डोरोथी व्हॉस यांनी १९५६ मध्ये ‘प्रोप्रिओसेप्टिव्ह न्यूरोमस्क्युलर फॅसिलिटेशन’ या ग्रंथात त्याची पद्धतशीर मांडणी केली.

स्नायू, कंडरा व सांधे यांतून मज्जासंस्थेकडे जाणाऱ्या स्थितिगतिविषयक संवेदनांना ‘प्रोप्रिओसेप्टिव्ह’ हे नाव शेरिंग्टन यांचे. या संवेदना वाढवून क्षीण स्नायूला साह्य द्यावे, हा पद्धतीचा गाभा. पाऊल वर उचलणारा स्नायू क्षीण असेल, तर तो प्रथम ताणावयाचा. मग पाऊल उचलीत मांडी वर व आत आणण्यास सांगून त्या तिरकस हालचालीस विरोध करावयाचा. सबळ स्नायूंच्या प्रयत्नाचा प्रसार क्षीण स्नायूपर्यंत व्हावा, ही अपेक्षा. स्नायू एकेकटे नव्हे तर समूहाने काम करतात, ही दृष्टी येथे उपचाराच्या केंद्रस्थानी आली, हे या पद्धतीचे मोठे श्रेय होय.

तथापि तिच्या उपपत्तीविषयी तीन आक्षेप संभवतात. शेरिंग्टन यांचे प्रतिक्षिप्त क्रियांवरील निष्कर्ष मुख्यतः मेंदूचा वरचा भाग विलग केलेल्या प्राण्यांवरील प्रयोगांतून आले. जागृत मनुष्याच्या ऐच्छिक प्रयत्नास ते जसेच्या तसे लागू करणे धाडसाचे आहे. दुसरे, उपचारकाची आज्ञा व रुग्णाची दृष्टी यांचाही या पद्धतीत मोठा वाटा आहे. तेव्हा सर्व यश स्थितिसंवेदनेच्या पदरी टाकता येत नाही. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पोलिओत पृष्ठरज्जूतील प्रेरक पेशी नष्ट झाल्या, तर कोणतीही संवेदना त्यांना पुन्हा जिवंत करू शकत नाही. उरलेल्या पेशींकडून अधिक काम मिळविता येईल, एवढेच.

व्यवहारातही एक धोका आहे. हालचाल पूर्ण झालेली दिसते, पण ती सबळ शेजाऱ्यांनीच केलेली असते आणि क्षीण स्नायू निष्क्रिय राहतो. म्हणून त्या स्नायूवर बोटे ठेवून त्याचे आकुंचन पडताळणे अत्यावश्यक ठरते. शिवाय हालचालीच्या क्षणी वाढलेली क्रिया म्हणजे टिकाऊ बळ नव्हे. ते काही काळाने केलेल्या स्वतंत्र स्नायुपरीक्षेतच सिद्ध व्हावयास हवे. या मर्यादा मान्य केल्या, तर ही पद्धत दुर्बल स्नायूला प्रयत्नाची संधी देणारे मोलाचे साधन ठरते. त्या विसरल्या, तर रुग्णाला व्यर्थ आशा लावण्याचे.