अनोळखी भेट आणि करुणेचा व्यवहार : 'तोस्का', 'काबुलीवाला' व 'माझा प्रवास'

अंतोन चेखवची 'तोस्का' (1886) आणि रवींद्रनाथ ठाकुरांची 'काबुलीवाला' (1892) या कथांची तुलना बहुधा पितृहृदयाच्या सार्वत्रिकतेपाशी येऊन थांबते. एकीचा नायक मुलगा गमावलेला बाप आहे, दुसरीचा मुलीपासून दुरावलेला. हे साम्य खरे असले, तरी त्यामुळे एक अधिक मूलभूत बाब झाकली जाते. उभय कथांतील अनोळखी माणसे एकमेकांसमोर येतात ती देण्याघेण्याच्या निमित्ताने. पीटर्सबर्गमध्ये हे निमित्त घसरगाडीचे भाडे असते, कलकत्त्यात सुका मेवा. करुणा उपजते की नाही, हे त्या व्यवहाराचे पुढे काय होते यावर ठरते.

आयोना पोतापोव तीन तरुणांना अवघ्या वीस कोपेकांत गाडीत घेतो. भाडे वाजवी नाही हे तो जाणतो, पण त्याची त्याला पर्वा उरलेली नाही. त्याला गिऱ्हाईक नको, श्रोता हवा आहे. त्या तिघांच्या लेखी मात्र तो गाडीवानच राहतो. मुलगा गेल्याचे सांगताच त्यांच्यातला कुबडा 'सगळेच मरणार' अशा अर्थाचे बोलून गाडी हाकायला फर्मावतो. समीक्षेत याच्या क्रौर्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्याहून अर्थपूर्ण आहे तो आधीचा लष्करी अधिकारी. मुलगा कशाने गेला, असे तो खरोखरच विचारतो. उत्तर सुरू होते न होते तोच रस्त्यावरून कुणी ओरडते, अधिकाऱ्याला पोहोचण्याची घाई आठवते आणि तो डोळे मिटून घेतो. येथे दुष्टावा नाही. सहानुभूतीचा अंकुर रहदारीत चिरडला जातो एवढेच. गार्नेटबाईंनी इंग्रजीत 'मिझरी' हे शीर्षक योजले. मूळ रशियन शब्दात दुःखाबरोबर कोंडलेपण आणि ओढही आहे. मराठीतील 'दुःख' त्याला पुरत नाही, 'तगमग' काहीसा जवळ जातो.

रवींद्रनाथांच्या कथेत व्यवहार अडतो. तुरुंगातून सुटून मिनीच्या लग्नाच्या दिवशी आलेला रहमत मेव्याचे पैसे नाकारतो. आपण सौदा करायला आलो नाही, असे सांगतो. मग छातीजवळच्या कागदावर काजळीने उमटलेला लहान हाताचा ठसा पुढे येतो. निवेदक लेखक आहे, हे येथे विसरता कामा नये. कथेच्या आरंभी तो कादंबरीच्या सतराव्या प्रकरणात नायक-नायिकेला बंदिशाळेच्या खिडकीतून नदीत उडी मारायला लावत असतो, आणि खरी कथा त्याच्या घराच्या खिडकीबाहेरून चाललेली असते! त्या ठशाने त्याचे कुलीनत्व क्षणभर गळून पडते. तरीही या करुणेला निव्वळ विजय मानणे भाबडेपणाचे होईल. वधूवेषातील मिनीला बाहेर बोलावले जाते, 'सासर' या जुन्या थट्टेच्या शब्दाने ती लाजते, आणि आपली मुलगीही आता अशीच अनोळखी झाली असेल हे रहमतला उमगते. निवेदकाच्या कळवळ्यानेच त्याला ही जखम दिली आहे. त्यानंतर निवेदक त्याला घरी परतण्यासाठी पैसे देतो, रोषणाई आणि बँडचा खर्च कापून, घरातील स्त्रियांची नाराजी पत्करून. नाकारलेला पैसा असा उलट दिशेने परततो, आणि तो दान आहे की देणे, हे कथा ठरवीत नाही.

मराठीत या संदर्भात विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' आठवावा. प्रसंगानंतर सुमारे पाव शतकाने लिहिलेला आणि चिंतामण विनायक वैद्यांनी संपादून 1907 मध्ये प्रसिद्ध केलेला हा ग्रंथ इतिहास म्हणून कितपत ग्राह्य, हा निराळा वाद आहे. काल्पीच्या वाटेवरील विहिरीपाशी धुळीने माखलेली, तहानलेली राणी लक्ष्मीबाई अवचित भेटते. झाशीत भटजींनी तिचा आश्रय अनुभवलेला आहे. तरी वाटेवर ना दरबार उरला आहे ना दक्षिणा, त्यामुळे ही भेट जवळजवळ अनोळख्यांचीच ठरते. पाणी काढून देऊ पाहणाऱ्या भटजींना ती त्यांच्या विद्वत्तेचा मान राखून थांबवते आणि मडके स्वतः विहिरीत सोडते. जातिधर्माची चौकट येथे मोडत नाही, किंबहुना राणी ती पाळते. पण त्या पाळण्यातच आश्रयदात्रीचे स्थान तिने सोडलेले असते. मग ती आपली हताशा बोलून दाखवते. आयोनाला शहरभर हिंडून न मिळालेला आणि अखेर घोडीत शोधावा लागलेला श्रोता तिला एका भिक्षुकात मिळतो, तोही तिला पुढे जाण्याची निकड असताना.