वेडा कीं मस्त? निरीक्षणाच्या कसोटीवर एक ग्रंथ

मनाचा अभ्यास प्रयोगशाळेंतच होतो, असा आपल्याकडील सुशिक्षितांचा समज दिसतो. परंतु मनुष्य जेथें राहतो, खातो, हिंडतो, तेथेंच त्याला न छेडतां पाहावें व पाहिलेलें टिपून ठेवावें, ही निरीक्षणपद्धतिहि मानसशास्त्राला मान्य आहे. या पद्धतीच्या कसोटीवर घासून पाहण्याजोगा एक इंग्रजी ग्रंथ 1948 सालीं अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) येथें प्रसिद्ध झाला. डॉ. विल्यम डॉन्किन यांचा ‘द वेफेअरर्स’, म्हणजे ‘वाटसरू’, हा तो ग्रंथ होय.

अरणगांवनजीकच्या मेहेराबादचे मेहेरबाबा यांनीं 1936-37 सालीं राहुरीस वेड्यांसाठीं आश्रम चालविला. तेथें ते स्वतः त्यांस स्नान घालीत, जेवूं घालीत. पुढें ते ईश्वरी उन्मादांत असलेल्या ‘मस्तां’च्या शोधार्थ देशभर फिरले. त्या भेटींचा वृत्तान्त डॉन्किन यांनीं गांव, तारीख व वर्णन यांसह दिला आहे. जमिनीकडे वांकून कांहीं शोधीत राहणारा महंमद, अंगावर सारखें पाणी ओतून घेणारा चट्टीबाबा, हीं माणसें आपापल्या रीतीनें वागतांना दिसतात. हा या ग्रंथाचा मोठा गुण आम्ही मानतों.

दोष मात्र मुळांतच आहे. अमुक वेडा व अमुक मस्त, हा निवाडा बहुतांशीं मेहेरबाबांचा. डॉन्किन स्वतः डॉक्टर असूनहि शिष्यभावानें तो गृहीत धरतात. आधींच नांव ठरलें कीं डोळा त्या नांवाला साजेल तेंच टिपतो. या श्रद्धेबाहेरच्या दुसऱ्या निरीक्षकाच्या नोंदींशीं ताळा पाहण्याची सोय नाहीं. शिवाय बाबा मस्तांस बहुधा एकांतांत भेटत. म्हणजे जिच्यासाठीं एवढा प्रवास, ती भेटच निरीक्षकाच्या दृष्टीआड राहिली.

श्रद्धावंतांचेंच असें होतें असें नाहीं. अमेरिकेंतील रोझेनहॅन यांनीं 1973 सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, वेडाचें सोंग घेऊन इस्पितळांत शिरलेल्या शहाण्या माणसाचें टिपणें काढणेंहि रोगाच्या खातीं जमा झाल्याचें सांगितलें आहे. त्या निबंधाच्या सचोटीविषयीं पुढें शंका निघाल्या. त्यानें उपस्थित केलेला प्रश्न मात्र उरतोच.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. बाजारांत भटकणाऱ्या माणसाला मस्त म्हटलें तर लोक त्याच्या पायां पडतात. वेडा म्हटलें तर पोरें दगड मारतात, घरचे कोंडून ठेवतात. त्याची खरी विचारपूस दोन्ही वेळां राहून जाते.

म्हणून हा ग्रंथ अवश्य वाचावा. मात्र पाहिलेलें, ऐकलेलें व मानलेलें यांवर समासांत निरनिराळ्या खुणा करीत वाचावा. पहिल्या खुणेचा मजकूर थोडा भरेल. परंतु तेवढाहि मनोव्यापारांच्या अभ्यासकास अन्यत्र सहसा मिळणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.