दारावर कोरलेले हक्क

संग्रहालय म्हटले की काचेच्या कपाटातील वस्तू आणि त्यांखालच्या चिठ्ठ्या आपल्या डोळ्यांपुढे येतात. जोहान्सबर्ग येथील 'कॉन्स्टिट्यूशन हिल' पाहिल्यावर आमची ही समजूत पार बदलली. येथे १९८३ पर्यंत तुरुंग होता. गांधीजींनी १९०८ साली याच आवारात कारावास भोगला. 'नंबर फोर' या कृष्णवर्णीयांच्या विभागात कैद्यांच्या शिध्याचा तपशील मांडला आहे. कोणाला काय व किती खायला द्यायचे, हे कैद्याच्या वर्णावरून ठरे. वर्णभेद म्हणजे काय, हे कळण्यास याहून निराळ्या व्याख्यानाची गरज नाही.

त्याच आवारात दक्षिण आफ्रिकेचे संविधान न्यायालय उभे आहे. १९६० साली शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मारली गेली, तो दिवस २१ मार्चचा. या वास्तूचे उद्घाटन २००४ साली त्याच तारखेला झाले. पाडलेल्या कच्च्या कैदेच्या इमारतीच्या विटा न्यायालयात वापरल्या असून तिचे जिने तसेच उभे ठेवले आहेत. भव्य लाकडी दारावर संविधानातील २७ हक्क कोरलेले आहेत. न्यायदालनाच्या लांबट खिडकीतून बाहेरच्या वाटसरूंची पावले तेवढी दिसतात. पावलांवरून श्रीमंत-गरीब ओळखणे कठीण. आमच्या मते, या वास्तूतील सर्वांत बोलके प्रदर्शन ते हेच.

तथापि एक उणीव सांगितली पाहिजे. येथील प्रवास तुरुंगातून न्यायालयाकडे, अंधारातून उजेडाकडे होतो. तो मनोहर आहे, म्हणूनच पाहणाऱ्याला लढाई संपल्याचे समाधान सहज देऊन जातो. आयरीन ग्रूटबूम या बेघर स्त्रीच्या दाव्यात याच न्यायालयाने २००० साली निवाऱ्याच्या हक्काचा निकाल दिला. अगदी निराधार झालेल्यांसाठी तरतूद न करणारे सरकारी धोरण घटनेशी विसंगत ठरले. त्या निकालाचा जगभर गौरव झाला. स्वतः ग्रूटबूम मात्र २००८ साली झोपडीतच वारल्या. दारावर कोरलेला हक्क आणि डोक्यावरचे छप्पर यांतील हे अंतर संग्रहालयाच्या भिंतींत मावत नाही.

आपल्याकडेही २६ नोव्हेंबरला मुले संविधानाची उद्देशिका एका सुरात वाचतात. तो सोहळा अवश्य व्हावा. परंतु टाळ्या थांबल्यावर, त्यातील 'न्याय' हा शब्द आपल्याच गावातील कोणाच्या दारी अजून पोहोचलेला नाही, हे त्या मुलांसोबत बसून आपण शोधणार आहोत काय?